नाणेघाटाच्या वाटेने जुन्नर

जुन्नर म्हटले की शिवनेरी, आणि शिवनेरी म्हटली की श्रीशिवछत्रपतींचे जन्मस्थान, एवढा बोध महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही असतो. आणि तो असणे सर्वथा योग्यच आहे. परंतु ज्या नगराच्या शेजारी हा किल्ला उभा आहे, त्या नगराची विचारपूस करणारे प्रवासी थोडे. भल्या पहाटे पुण्याहून निघावे, गड चढावा, जन्मस्थानी माथा टेकावा, जाता जाता लेण्याद्री व ओझर येथील गणपतीचे दर्शन घ्यावे आणि दिवेलागणीनंतर घरी परतावे, हा आपल्याकडील बहुतेक कुटुंबांचा परिपाठ. यात भक्ती आहे, उत्साह आहे. पण दोन हजार वर्षे ज्या नगराने घाट चढून आलेल्या वाटसरूस पाणी पाजले, छाया दिली, त्याच्या मालास गिऱ्हाईक दिले, ते नगर अशा प्रवासात पाहावयाचे राहूनच जाते.

जुन्नरास कसे जावे व तेथे काय पाहावे, हे सांगण्याचा आमचा हेतू आहेच. त्याबरोबरच ज्या वाटेने हे नगर घडले, त्या वाटेचा इतिहास ज्ञातिबांधव-भगिनींपुढे ठेवावा, अशीही इच्छा आहे. तांब्या-पितळेच्या धंद्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या आपल्या समाजास या वाटेवर आस्थेचा वाटेल असा एक उल्लेख सापडणार आहे. तो पुढे यथास्थळी येईल.

बंदर, घाट आणि पेठ

सह्याद्रीने महाराष्ट्राचे कोकण आणि देश असे दोन भाग केले आहेत. समुद्रमार्गे आलेला माल देशावर न्यावयाचा, तर या भिंतीतील खिंडी गाठणे भाग. प्राचीन काळी सोपारा व कल्याण ही कोकणातील नामांकित बंदरे होती, आणि देशावर गोदावरीच्या तीरी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, ही सातवाहनांची राजधानी होती. या दोहोंना जोडणारी वाट जेथे डोंगर चढते तो नाणेघाट. आणि घाट चढून आल्यावर जी पहिली मोठी पेठ लागते ते जुन्नर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात कल्याण व पैठण या दोन्ही ठिकाणांचा उल्लेख आहे. कल्याणास येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचकडे पाठविली जात, असेही त्यात नमूद आहे. त्यावरून या किनाऱ्याच्या व्यापारासाठी त्या काळच्या सत्तांमध्ये केवढी ओढाताण चालू होती, याची कल्पना येते.

घाटाची राखण करण्यासाठी पुढे किल्ल्यांची मालिकाच उभी राहिली. घाटमाथ्यावर जीवधन, तेथून जुन्नरकडे येताना चावंड व हडसर, आणि नगराजवळ शिवनेरी. नकाशा पुढे ठेवून या चार किल्ल्यांवर बोट फिरविले, तर जुनी वाट कोठून जात होती हे मुलांना निराळे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या शिक्षकी पेशाच्या काळात इतिहासाच्या तासास भूगोलाचा नकाशा भिंतीवर टांगण्याचा आमचा आग्रह असे, तो एवढ्याचसाठी.

नाणेघाटाची चढण

ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी जन्मात एकदा तरी जुन्नरास नाणेघाटाने जावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. कल्याणहून मुरबाड व टोकावडे या गावांवरून माळशेजच्या रस्त्याने वैशाखरे गाठावे. तेथून पुढे थोड्या अंतरावर पायवाट फुटते. अडीच ते तीन तासांत मनुष्य माथ्यावर पोहोचतो. आरंभी रान, मग उभी चढण, आणि शेवटी दोन्ही बाजूंस कातळ असलेली अरुंद खिंड. वाटेत ठिकठिकाणी दगडी फरसबंदी लागते. शेकडो वर्षे बैलांच्या खुरांनी आणि हमालांच्या पायांनी ती गुळगुळीत झाली आहे. खिंडीशेजारी जो कडा पुढे झेपावला आहे त्यास ‘नानाचा अंगठा’ म्हणतात. पावसाळ्यात ही वाट निसरडी होते व धुक्यात दिशा कळत नाही. सबब मार्गशीर्षापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम.

खिंड चढून वर आले की एक भला मोठा दगडी रांजण दिसतो. घाटाने जाणाऱ्या मालावरील जकातीची नाणी यात टाकीत असत, अशी परंपरागत समजूत आहे. घाटाच्या नावाचा संबंधही लोक या नाण्यांशीच जोडतात. खिंडीच्या तोंडाशी एक लेणे आहे. लहान मुले त्यास साधी गुहा समजून आत खेळू लागतात. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासाचे एक अत्यंत मोलाचे पान या गुहेच्या भिंतींवर कोरलेले आहे.

सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका हिच्या काळचा हा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. अश्वमेधादी यज्ञ केल्याचे आणि त्या प्रसंगी गाई, घोडे, हत्ती, रथ व हजारो कार्षापणे दक्षिणा दिल्याचे त्यात सांगितले आहे. दानाच्या संख्या अंकचिन्हांत कोरल्या असल्यामुळे भारतीय अंकांच्या इतिहासात या लेखास फार वरचे स्थान आहे. मागच्या भिंतीवर सातवाहन कुळाचा मूळपुरुष सिमुक, राणी नागनिका, राजा सातकर्णी, राजकुमार आणि एक महारठी अशा व्यक्तींचे पुतळे कोरलेले होते. आज त्या पुतळ्यांचे केवळ पायांचे अवशेष उरले आहेत. वर कोरलेल्या नावांवरून कोण कोठे उभे होते एवढे कळते. सन १८२८ मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हे लेणे अभ्यासकांच्या नजरेस आणले, आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर आदी विद्वानांनी लेखाचे वाचन केले.

लेण्याच्या आसपास कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. राजाराणीचे पुतळे भंगले; टाक्यांत मात्र पाणी साठते आहे. घाट चढून घशास कोरड पडलेला मनुष्य प्रथम या टाक्यांकडे वळतो आणि मग लेख पाहतो. लेण्याचे स्थान निवडणाऱ्यांनीही वाटसरूचा हाच क्रम ध्यानात घेतला असावा, असे आम्हास वाटते.

दोन परदेशी पाहुणे

या डोंगराळ मुलखातून जुन्नरास आलेल्या असंख्य वाटसरूंपैकी बहुतेकांची नावे काळाच्या उदरात गेली. ज्यांनी स्वतः लिहून ठेवले अशा दोघांची येथे आठवण करू.

पहिला अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी. वास्को द गामा कालिकतास पोहोचला सन १४९८ मध्ये. त्याच्या सुमारे पाव शतक आधीच हा गृहस्थ एक घोडा विकावयास घेऊन चौलच्या बंदरात उतरला आणि पालीवरून डोंगर ओलांडून जुन्नरास आला. तेव्हा येथे बहामनी अंमल होता. पावसाळा लागल्यामुळे निकितीन जुन्नरातच अडकून पडला. जिकडे तिकडे पाणी आणि चिखल, याच दिवसांत लोक नांगरणी-पेरणी करतात, गडाची वाट इतकी अरुंद की दोन माणसे शेजारून जाऊ शकत नाहीत, परदेशी व्यापारी पथिकाश्रमात उतरतात व तेथेच त्यांचा स्वयंपाक होतो, अशा बारीकसारीक गोष्टी त्याने टिपल्या आहेत. येथील अधिकारी असदखान याने त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदलशील तर घोडा परत देईन, असा पेच घातला. परक्या मुलखात एकट्या पडलेल्या त्या माणसावर काय प्रसंग गुदरला असेल! अखेर खुरासानच्या एका महंमद नावाच्या गृहस्थाने मध्यस्थी केली, आणि घोडा व धर्म दोन्ही राखून निकितीन पुढे बिदरकडे गेला. मध्यस्थी करणारा हाही परमुलखातूनच आलेला होता, ही गोष्ट आम्हास विशेष वाटते.

दुसरा डॉक्टर जॉन फ्रायर, इंग्रजांच्या कंपनीचा शल्यवैद्य. सन १६७५ मध्ये जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून तो मुंबईहून निघाला. शिवरायांचा राज्याभिषेक होऊन तेव्हा वर्षही पुरते झाले नव्हते. कल्याण शिवरायांकडे, जुन्नर मोगलांकडे. अर्थात घाट चढणे म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे होते. जाताना त्याच्या लोकांनी त्यास एका बिकट वाटेने वर नेले. परतताना तो नाणेघाटाने उतरला आणि ही वाट त्यास कितीतरी सोयीची वाटली. घाटमाथ्यावर मात्र त्यास बराच वेळ खोळंबावे लागले, कारण मिठाची पोती लादलेले तीनशे बैल खालून वर येत होते. दोन राज्यांत युद्ध चालू असताना कोकणातील मीठ देशावर येतच होते. इतिहासाच्या पुस्तकात लढाईस पान मिळते, मिठास ओळही मिळत नाही. पण देशावरच्या घराघरांतील भाकरीला चव होती ती या बैलांच्या पाठीवरच्या मिठामुळे.

राजधानीचे वैभव आणि वाटेचा वियोग

‘जीर्णनगर’ या शब्दावरून जुन्नर हे नाव आले, असे विद्वान मानतात. म्हणजे नाव पडले तेव्हाच हे नगर जुने झालेले होते! बहामनी राज्य मोडकळीस आल्यावर मलिक अहमद याने सन १४९० मध्ये येथूनच स्वतंत्र निजामशाही सुरू केली. पुढे त्याने अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, वसवून राजधानी तिकडे हलविली, तरी जुन्नरची पेठ नांदती राहिली. फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवराय जन्मले. निजामशाहीच्या अस्तानंतर गड मोगलांकडे गेला. सन १६५७ च्या एप्रिलात शिवरायांनी रात्री दोराच्या शिड्या लावून जुन्नर शहराच्या तटावरून प्रवेश केला आणि तीन लक्ष होन व दोनशे घोडे नेले. एका रात्रीत एवढे द्रव्य ज्या नगरात हाती लागावे, त्या नगराची सुबत्ता केवढी असेल, हे निराळे सांगावयास नको.

या नगराची आणखी एक ख्याती म्हणजे ‘जुन्नरी कागद’. येथील कागदी लोक हाताने जो कागद करीत, तो मराठेशाहीच्या दप्तरांत मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. आपण ज्यांना ऐतिहासिक कागदपत्रे म्हणतो, त्यांतील कित्येक याच नगरीतील कारागिरांच्या हातून निघालेल्या कागदावर लिहिली आहेत. लिहिणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले. कागद करणाऱ्याचे राहिले नाही.

मग हे वैभव गेले कोठे? सन १८१८ मध्ये शिवनेरी इंग्रजांच्या हाती गेली, हे एक कारण. परंतु आमच्या मते खरा आघात झाला तो वाट बदलली तेव्हा. सन १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. पुढे लोहमार्गाची आखणी होऊ लागली तेव्हा आरंभी माळशेज घाटातून मार्ग नेण्याची योजना पुढे आली होती. ती तडीस गेली असती, तर जुन्नरचे भाग्य निराळे झाले असते. पण मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या पाहणीनंतर थळ व बोर या घाटांची निवड झाली. सन १८६३ मध्ये बोरघाटातून आणि सन १८६५ मध्ये थळघाटातून आगगाडी धावू लागली. दोन हजार वर्षे बैल ज्या वाटेने चढत होते, ती वाट एका पिढीत ओस पडू लागली. गिरणीचा कागद आला आणि हातकागदाचे साचेही थंडावले.

हे वाचताना आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांस स्वतःच्या घरची आठवण झाली, तर नवल नाही. आपल्या आळीतील ठोक्यांचा आवाज आमच्या पिढीने ऐकला आहे. हंडे, घागरी, तपेली, घंगाळे यांवाचून एके काळी लग्न लागत नसे. मग बिडाची व ॲल्युमिनिअमची भांडी आली, स्टेनलेस स्टील आले, प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या. आणि दोन पिढ्यांत आपले हातोडे माळ्यावर गेले. यात कोणाचा अपराध नव्हता. वाट बदलली. वाट बदलल्यावर जुन्नरात काय टिकले, हा प्रश्न म्हणूनच आपल्या जिव्हाळ्याचा आहे, आणि त्याचे उत्तर नगराभोवतीच्या डोंगरांत कोरलेले आहे.

आजच्या प्रवाशासाठी

जुन्नरास आजही आगगाडी जात नाही. पुण्याहून नाशिकच्या महामार्गाने चाकण, राजगुरुनगर, मंचर अशी गावे घेत नारायणगावास यावे आणि तेथून डावीकडे वळावे. अंतर सुमारे ९५ किलोमीटर. एस्.टी. गाड्या आहेत. वाटेत चाकणचा भुईकोट आहे. सन १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्तेखानाविरुद्ध तो जवळजवळ दोन महिने झुंजविला. मुंबईकरांनी कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, मढ या मार्गाने यावे व गणेशखिंडीतून जुन्नरात उतरावे. जे नाणेघाट पायी चढतील त्यांनी माथ्यावरील घाटघर गावातून वाहनाने जुन्नर गाठावे. हे अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे. परतीच्या गाडीची वेळ आधीच विचारून ठेवावी.

मुक्काम दोन रात्रींचा असावा. पहिल्या दिवशी उन्हे चढण्यापूर्वी शिवनेरी. एकामागून एक सात दरवाजे ओलांडीत वाट वर जाते. शिवाई देवीचे दर्शन घ्यावे, अंबरखाना पाहावा, गंगा-जमुना टाक्यांचे थंड पाणी पाहावे, आणि मग जन्मस्थानी जावे. सन २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यात शिवनेरी आहे. साखळीची वाट अनुभवी माणसांसाठी आहे. कुटुंबकबिल्याने तिकडे वळू नये. दुपारनंतर हापूसबागेतील सौदागर घुमट पाहावा. नगराच्या व्यापारी वैभवाची ती देखणी खूण आहे.

दुसऱ्या दिवशी कुकडी ओलांडून लेण्याद्रीस जावे. सुमारे तीनशे पायऱ्या आहेत. वृद्धांनी सावकाश चढाव्या. तीस लेण्यांपैकी सातव्यात श्रीगिरिजात्मज विराजमान आहे. एवढ्या मोठ्या दालनात एकही खांब नाही, हे दर्शनाच्या घाईत पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. शेजारचे सहावे लेणे हे चैत्यगृह. सायंकाळी तुळजा लेणी पाहावी. तेथील एक चैत्यगृह गोल आकाराचे असून बारा खांबांवर वरचे घुमटाकार छत तोलले आहे. वेळ उरल्यास दक्षिणेकडील मानमोडीच्या डोंगरातील लेणी पाहावी. नगराभोवतीच्या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक खोदकामे आहेत.

दोन सावधगिरीच्या सूचना. कड्यांवर मधमाश्यांची मोठी पोळी असतात. तेथे धूर, गोंगाट आणि दगडफेक कटाक्षाने टाळावी. आणि या तालुक्यात उसाच्या रानांतून बिबट्यांचा वावर आहे. अंधार पडल्यावर मुलाबाळांसह पायी हिंडू नये.

कातळावरची नावे

आता लेखाच्या आरंभी सांगितलेल्या उल्लेखाकडे वळू.

जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. त्यांत राजेरजवाडे थोडे. मानमोडीच्या डोंगरात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने मंडप व पाण्याचे टाके दिल्याचा वर्ष ४६ चा लेख आहे. लेण्याद्रीचे जे चैत्यगृह वर सांगितले, ते देणारा सुलसदत्त हा कल्याणचा रहिवासी, हेरणिकाचा मुलगा. हेरणिक म्हणजे सोन्याशी संबंधित व्यवसाय करणारा. कल्याणच्या माणसाने घाटावर येऊन एवढे दान करावे, याहून नाणेघाटाच्या रहदारीचा निराळा पुरावा तो कोणता हवा? तीन दाते स्वतःस ‘यवन’ म्हणवितात. त्यांतील इरिल नावाच्या यवनाने दोन पाण्याची टाकी दिली, चित नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. दूरदेशीच्या माणसास येथे अन्नपाणी द्यावेसे वाटले, याचा अर्थ त्यालाही येथे कोणीतरी अन्नपाणी दिले असले पाहिजे.

व्यक्तींबरोबर श्रेणीही आहेत. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांचा संघ. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व एक टाके दिले. एका लेखात वीस निवर्तने जमीन करंजाची झाडे लावण्यासाठी आणि नऊ निवर्तने वडाच्या झाडांसाठी एका श्रेणीच्या हवाली केल्याचे सांगितले आहे. आणखी एका लेखात बांबूकाम करणारे आणि ‘कासकार’ यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख येतो. कासकार म्हणजे काशाची भांडी घडविणारे, अर्थात आपल्याच धंद्याचे लोक.

हे वाचून कोणाही ज्ञातिबांधवाची छाती फुगेल. तथापि इतिहासात पाऊल जपून टाकावे लागते. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते कासकार आणि आजची आपली घराणी यांच्यामध्ये वंशावळीचा धागा कोणी दाखवू शकणार नाही. आणि नसलेली वंशावळ रचून मिरविणे हे आपल्यास शोभणारे नाही. जे निर्विवाद आहे तेच पुरेसे अभिमानास्पद आहे. ते असे की, त्या काळी हातोडा चालविणाऱ्या कारागिरांचा संघ इतका विश्वासू मानला जात होता की, लोक धर्मकार्याची ठेव त्याच्याकडे निर्धास्तपणे ठेवीत. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा लेख या व्यवहाराची रीत स्पष्ट करतो. नहपानाच्या या जावयाने तीन हजार कार्षापणे विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले, आणि त्या व्याजातून भिक्षूंचा खर्च चालावा, अशी व्यवस्था केली. मुद्दल कायम, व्याज परोपकारास! त्याच उषवदाताने भडोच, सोपारा आदी ठिकाणी पांथस्थांसाठी धर्मशाळा, विहिरी व तळी केली आणि नद्यांवर फुकट तरी ठेवल्या.

आपल्या ज्ञातिसंस्थेचा विद्यार्थी-निधी याहून निराळा तो काय? ज्यांनी ठेवी दिल्या त्यांची नावे याच अंकाच्या अखेरीस छापली आहेत. ती वाचताना, कोणी किती दिले यावर नजर फिरते, हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु कासकारांच्या श्रेणीतील एकाही कारागिराचे नाव आपल्याला ठाऊक नाही. ठाऊक आहे ते इतकेच, की त्यांच्याकडे ठेवलेला पैसा बुडणार नाही, अशी लोकांची खात्री होती. आपली आळी ओस पडली, धंदा गेला, मुले बँकांत व कारखान्यांत गेली, परदेशी गेली, तरी हा एक वारसा राखणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

आणि दुसराही एक प्रकार त्या कातळावर आढळतो. प्राचीन अक्षरांच्या शेजारी आजकालच्या सहलवाल्यांनी खिळ्याने, कोळशाने, रंगाने स्वतःची नावे लिहिली आहेत. टाक्यांत बाटल्या फेकल्या आहेत. ज्याने पाणी दिले त्याचेही नाव कातळावर आहे, आणि ज्याने पाणी नासले त्याचेही. आपल्या कुटुंबांतील मुलाबाळांना तेथे नेताना या दोन प्रकारच्या नावांतील भेद त्यांना दाखवावा. शाळेच्या चार भिंतींत आम्ही वर्षानुवर्षे जे शिकविण्याचा प्रयत्न केला, ते तेथे एका दृष्टिक्षेपात कळते.

म्हणून आमची कार्यकारी मंडळास एक सूचना आहे. येत्या हिवाळ्यात संस्थेच्या तरुण सभासदांची सहल नाणेघाटाने जुन्नरास न्यावी. वैशाखरे येथून पायी चढावे. प्रत्येकाने आपले पाणी व आपली शिदोरी आपल्या पाठीवर घ्यावी, आणि कचरा तसाच परत आणावा. टाक्यांच्या परिसराची सफाई करावयाची झाल्यास पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी घेऊन, जाणत्यांच्या देखरेखीखालीच ती करावी. उत्साहाच्या भरात कातळास हत्यार लावू नये. वडीलधाऱ्यांनी मोटारीने घाटघरास येऊन माथ्यावर वाट पाहावी आणि मुले वर पोहोचताच त्यांच्या हाती पाण्याचा तांब्या द्यावा. तो तांब्या घरातील जुना, कल्हई केलेला पितळेचा असेल तर फारच उत्तम.